घरचा हॉट टब : मराठवाड्यात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

हॉट टब पाहायला आलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो जेट, म्हणजे पाण्याचे झोत सोडणाऱ्या तोट्या, किती आहेत हा, आणि दुसरा रंगीत दिव्यांचा. आपल्या जागेतील माती कोणती, बोअरचे पाणी किती जड आहे आणि तेथे वीज किती तास टिकते, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर या भागांत टबच्या देखभालीची कामे करताना जे बिघाड माझ्या पाहण्यात आले, त्यांतील बहुतेकांचे मूळ याच तीन गोष्टींत होते. टब चांगल्या कंपनीचा असला तरी त्यात फरक पडत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काळ्या मातीवर थेट कोबा करून त्यावर टब ठेवणे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, हे येथील शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. पण फार्महाऊस बांधताना हे ज्ञान कोठे जाते, कोण जाणे. पैठण रस्त्यावरील एका फार्महाऊसमध्ये ऐन मे महिन्यात, जमीन दगडासारखी कडक असताना, मिस्त्रीने चार इंचांचा कोबा घातला आणि मालकाने घाईने त्यावर टब बसवून घेतला. पावसाळा सरता सरता मला बोलावणे आले, तेव्हा टबमधील पाण्याची पातळी एका काठाला टेकलेली होती आणि समोरच्या काठापासून चांगली चार बोटे खाली होती. बांधा पिळवटल्यामुळे पंपाचा जोड गळत होता, गळणारे पाणी त्याच बाजूच्या मातीत मुरत होते आणि ती बाजू आणखी फुगत होती. मिस्त्रीने त्यावर काढलेला उपाय मूळ चुकीपेक्षा भारी होता. त्याने खालच्या बाजूला शहाबादी फरशीचे तुकडे पाचरीसारखे ठोकले. टबच्या तळाला सर्वत्र सारखा आधार लागतो. चार तुकड्यांवर दीड-दोन टनांचा भार आल्यावर बसण्याच्या जागेखाली ॲक्रिलिकला तडा गेला. शेवटी टब रिकामा करून क्रेनने उचलावा लागला आणि पहिल्यांदा टाळलेले खोदकाम दुप्पट खर्चाने करावे लागले.

माझा शिरस्ता असा की मुरूम लागेपर्यंत काळी माती काढायची, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरून प्रत्येक थरावर पाणी मारून दबाई करायची, आणि त्यावर सळईच्या जाळीसह सहा इंचांचे काँक्रीट घालायचे. काँक्रीटभोवती पावसाचे पाणी साचणार नाही असा उतारही ठेवायचा. मुरूम फार खोल असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. यात दोन-तीन आठवडे जातात आणि अधीर मालक चिडतात; त्यांनी चिडावे.

गच्चीवर टब ठेवू इच्छिणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. 1200 लिटर पाणी म्हणजे 1200 किलो; टबचे आणि पाच माणसांचे वजन धरले, तर साधारण 1800 किलो भार चार चौरस मीटरवर येतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 450 किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 150 किलो आहे. ‘आमचा स्लॅब मजबूत आहे’ हे या आकड्यांचे उत्तर नव्हे.

आता पाण्याकडे वळू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणतेची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास कमाल 600 आहे. टबला मात्र 150 ते 250 च्या दरम्यानचे पाणी मानवते, आणि आपल्याकडील अनेक बोअरचे पाणी त्याहून पुष्कळ जड असते. पाणी तापते आणि बुडबुड्यांनी घुसळले जाते, तसा त्यातील कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) चढतो आणि विरघळलेला क्षार हीटरच्या कॉइलवर पांढऱ्या थराने बसू लागतो. थर जाड झाला की कॉइल आतल्या आत जादा तापते आणि जळते. मग मालक हीटर निकृष्ट असल्याची तक्रार करतो.

या थरावर दोन उपाय सर्रास केले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, संपूर्ण टब आरओच्या पाण्याने भरणे. एक तर ते यंत्र जेवढे पाणी देते तेवढेच, कधी त्याहून जास्त, फेकून देते, आणि मिळालेल्या अतिमऊ पाण्याला फेस येतो व त्याने धातूचे भाग झिजतात. दुसरा उपाय केवळ चुकीचा नाही, तो जीवघेणा आहे : संडास धुण्याचे ॲसिड टबमध्ये ओतणे. पाण्यात किंवा तळाशी क्लोरीनची पावडर शिल्लक असेल, तर ॲसिडशी संयोग होऊन क्लोरीन वायू बाहेर पडतो. एका ठिकाणी टबशेजारी वाकून ब्रशने घासणारा गडी खोकत खोकत बाहेर धावला, म्हणून पुढचे टळले. ओतण्याचा सल्ला देणारे गृहस्थ त्या वेळी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होते.

मी सॉफ्टनरचे (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचे) पाणी आणि बोअरचे पाणी मिसळून भरतो आणि थेंबांच्या किटने कठीणता मोजत प्रमाण ठरवतो. त्यानंतर आधी अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, 80 ते 120 पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) आणतो, मग पीएच 7.2 ते 7.8 मध्ये बसवतो आणि क्लोरीन सर्वांत शेवटी घालतो. हा क्रम उलटा केला की दिवसभर एक दुरुस्त करावे तर दुसरे बिघडते. टँकरचे पाणी असेल, तर प्रत्येक खेपेला मोजावे, कारण कालचा टँकर ज्या विहिरीवर भरला त्याच विहिरीवर आजचा भरला असेल, याची खात्री टँकरवालाही देत नाही.

क्लोरीनच्या बाबतीत मुठीने मोजण्याची सवय सुटता सुटत नाही. गावात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, म्हणून तीच टबमध्ये टाकणारे महाभाग आहेत. ती पावडर चुन्यापासून बनते. आधीच जड असलेल्या पाण्यात ती आणखी कॅल्शियम घालते आणि तळाशी गाळ सोडते. जलतरण तलावाच्या टिकिया गरम पाण्याच्या छोट्या टबसाठी फार तीव्र असतात आणि टबच्या पृष्ठभागावर पडून राहिल्यास तेथे डाग पाडतात. डायक्लोरचे (लवकर विरघळणाऱ्या एका क्लोरीनचे) दाणे बादलीभर पाण्यात विरघळवून पंप चालू असताना टाकावेत आणि क्लोरीन 3 ते 5 पीपीएम ठेवावे. वेगवेगळ्या प्रकारचे क्लोरीन एकाच डब्यात किंवा एकाच चमच्याने हाताळू नये. त्यातून आग लागू शकते.

‘उनकेश्वरच्या गरम झऱ्याच्या कुंडात कोण क्लोरीन टाकते?’ असा प्रश्न मला नांदेडच्या एका ग्राहकाने विचारला होता. झऱ्याला जमिनीतून नवे पाणी येत राहते. टबमध्ये तेच पाणी महिनोन्‌महिने कोमट अवस्थेत फिरत असते. 25 ते 45 अंश हे न्यूमोनिया घडवणाऱ्या लिजिओनेला जंतूंच्या वाढीचे तापमान आहे आणि जेटच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. अंगावर लाल पुरळ उठवणारा स्युडोमोनास हा जंतूही अशाच पाण्यात वाढतो. टबजवळ क्लोरीनचा उग्र वास येत असेल, तर क्लोरीन जास्त झाले असे समजून ते बंद करणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. तो वास बहुधा घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग झालेल्या, निकामी क्लोरीनचा असतो. तेथे झाकण उघडे ठेवून क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी लागते आणि पातळी खाली येईपर्यंत कोणी टबमध्ये उतरू नये.

दिवाळीच्या आठवड्यात माझा फोन हमखास वाजतो. अंगाला तेल-उटणे लावलेली मंडळी थेट टबमध्ये उतरतात, फिल्टरच्या घड्या तेलाने बुजतात, कडेला पिवळट चिकट रेघ उमटते आणि फेसाचा थर हातभर चढतो. फेस मारण्याचे औषध मी कोणाला देत नाही. अभ्यंग न्हाणीघरात उरकावे, टबमध्ये घालायचे कपडे साबणाचा अंश न राहील इतके खळबळून घ्यावेत आणि फिल्टर रात्रभर त्यासाठीच्या द्रावणात भिजत ठेवावा. एरवीही फिल्टर आठवड्याला धुवावा. उन्हाळ्यात धुळीमुळे त्याआधीच.

झाकण स्वस्तातले घेऊ नये : एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता जाते. तापमान 40 अंशांच्या वर नेऊ नये, आणि गरोदर स्त्रिया व हृदयरोग्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. चार माणसांच्या घराला आठ जणांचा टब लागत नाही.

विजेबाबत एवढेच सांगतो की 1200 लिटर पाणी 26 अंशांवरून 38 वर नेण्यास सुमारे 17 युनिट लागतात, म्हणजे तीन किलोवॅटचा हीटर साडेपाच ते सहा तास चालला पाहिजे. घरचा इन्व्हर्टर हे काम करू शकत नाही. शेतीपंपाच्या जोडणीवर टब चालवणे हा अनधिकृत वापर आहे आणि त्या फीडरची वीज दिवसातून ठरावीक तासच असते, त्यामुळे पाणी फिरायचे थांबून एका दिवसात गढूळ होते. टबला स्वतंत्र लाइन आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे.

पाणी साधारण तीन महिन्यांनी बदलावे लागते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या शहरात ते गटारात सोडणे मला पाहवत नाही, म्हणून बदलाची वेळ मी शक्यतो पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर आणतो. एप्रिल-मे महिन्यांत टब बंद ठेवण्यास सांगतो. काढलेले पाणी क्लोरीन शून्यावर येईपर्यंत उघड्यावर ठेवावे. ते झाडांना घालण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम असते आणि ते वारंवार दिल्यास काळी जमीन चोपण, म्हणजे पाण्याचा निचरा न होणारी, होते. त्यामुळे ते अंगण धुण्यास, गाडी धुण्यास आणि संडासच्या फ्लशच्या टाकीत वापरावे.