तोंडी सांगितलेली भाडेवाढ : भाडेकरूने उत्तर कसे द्यावे

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, मालवण या गावांत भाड्याच्या घराचा मालक पुष्कळदा मुंबईला नाहीतर ठाण्याला राहतो. गणपतीला किंवा मे महिन्यात तो गावी येतो आणि ओटीवर चहा घेता घेता, पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त द्या, असे सांगून निघून जातो. शेजारच्या घरात होमस्टे सुरू झालेला असेल तर हा आकडा आणखी फुगतो. अशा वेळी भाडेकरू एक तर भिडेपोटी वाढीव रक्कम देऊन मोकळा होतो, नाहीतर रागाच्या भरात भाडेच थांबवतो. यातला दुसरा मार्ग अधिक महागात पडतो, कारण थकबाकी हे घर खाली करून घेण्याचे मालकाच्या हाती असलेले सर्वांत सोपे कारण आहे.

सर्वप्रथम आपल्याकडे कोणता कागद आहे ते पाहावे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. हल्ली बहुतेकांकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो. त्यात मासिक रक्कम आणि मुदत ठरलेली असते. मध्येच वाढ करण्याचे कलम करारात नसेल, तर मुदत संपेपर्यंत मालकाला एकतर्फी वाढ करता येत नाही. मुदत संपल्यानंतर मात्र हे संरक्षण उरत नाही. मालक नव्या करारासाठी त्याला वाटेल ती रक्कम मागू शकतो, आणि करार न करता आपण तिथेच राहिलो, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे घर खाली करून देण्याचा आदेश होऊ शकतो व ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून अशा कराराच्या भाडेकरूने शेवटच्या दोन महिन्यांतच बोलणी उरकावीत. मुदत उलटल्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

जुन्या भाडेकरूची गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षे पावतीवर राहणाऱ्याला वरील अधिनियमाचे संरक्षण आहे, मात्र तो अधिनियम त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. आपले गाव त्यात येते की नाही, हे स्थानिक वकिलाकडून आधी पक्के करून घ्यावे. येत असेल, तर कलम ११ प्रमाणे मालकाला भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. म्हणजे भाडे ६,००० रुपये असेल तर वाढ २४० रुपयांची होते, दोन हजारांची नव्हे. घरात खास सुधारणा केली असेल किंवा स्थानिक संस्थेचा कर वाढला असेल, तर त्यापोटी वेगळी वाढ मागता येते. अशा वेळी खर्चाची बिले किंवा नव्या घरपट्टीची प्रत मागण्यात काहीही गैर नाही. गाव परिशिष्टांच्या बाहेर असेल, तर करार आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यांवर भिस्त ठेवावी लागते. तिथे महिनेवारीचे राहणे सर्वसाधारणपणे १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येते, त्यामुळे बोलण्याचा सूर थोडा नरमच ठेवलेला बरा.

इंटरनेटवर अनेक ठिकाणी तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेचा नियम छातीठोकपणे सांगितलेला आढळतो. तो २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. तो केवळ नमुना असून राज्याने स्वतःचा तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून मालकाला लिहिताना त्याचा दाखला देऊ नये. आपल्या करारात सूचनेची जी मुदत लिहिली असेल, तीच दाखवावी.

करार नोंदवलेलाच नसेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या (पुढची कलमेही याचीच) कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे आणि ही जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपले म्हणणे खरे असल्याचे दाखवायला बँकेचे उतारे, जुन्या पावत्या आणि मालकाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवावेत. संदेश मूळ फोनमधून पुसू नयेत, नुसत्या छायाचित्रावर भागेलच असे नाही.

आता उत्तर. ते लेखी, थोडक्यात आणि आठवडाभरात द्यावे. मालक नात्यातला किंवा ओळखीचा असला तरी कागदावरच द्यावे. भाषा आदराची ठेवली की संबंध बिघडत नाहीत. नमुना असा :

‘आदरणीय काका, स. न. वि. वि. आपण गावी आला असताना १ जूनपासून भाडे ६,००० ऐवजी ८,००० रुपये करण्याविषयी तोंडी सांगितले होते. आपल्या करारात अशा वाढीची तरतूद नाही आणि त्याबाबत लेखी सूचनाही मला मिळालेली नाही, त्यामुळे ही वाढ मला मान्य नाही. ठरलेले ६,००० रुपये भाडे मी नेहमीप्रमाणे दरमहा ५ तारखेच्या आत आपल्या खात्यात भरत राहीन. कायद्याप्रमाणे देय असलेल्या वाढीबाबत आपण लेखी कळवल्यास मी अवश्य विचार करीन. कळावे.’

पत्राची सही केलेली प्रत आपल्याकडे ठेवून मूळ पत्र स्पीड पोस्टाने मालकाच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवावे, पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा पुरावा प्रतीला टाचून ठेवावा. त्यानंतर ठरलेले भाडे तारखेला भरावे व बँकेच्या व्यवहारात महिन्याचे नाव लिहावे. मालक रोख घेण्यास नकार देऊ लागला, तर खात्यात भरावे. खाते ठाऊक नसेल, तर धनादेश पत्रासोबत टपालाने पाठवावा, म्हणजे आपण भाडे द्यायला तयार होतो याचा पुरावा राहतो. वाढीव रक्कम एखाद्या महिन्यापुरतीही देऊ नये, कारण पुढे तीच संमती म्हणून दाखवली जाते. रोख भाड्याची पावती मागणे हा हक्क आहे. कलम २६ प्रमाणे पावती न देणारा मालक दंडास पात्र ठरतो.

कोकणात एक अडचण हमखास येते. घर सामाईक असते, घरपट्टीवर चार भावांची नावे असतात, आणि आजवर थोरल्याला भाडे दिलेले असताना धाकटा येऊन वाढीव भाडे स्वतःकडे मागतो. ज्याच्याशी करार झाला किंवा ज्याच्या नावाच्या पावत्या आहेत, त्यालाच भाडे देत राहावे आणि दुसऱ्याला, सर्व हिस्सेदारांचे सहीचे पत्र आणा, एवढेच सांगावे. त्यांच्या वाटणीच्या वादात भाडेकरूने बाजू घेऊ नये.

मालकाने पाणी किंवा वीज तोडण्याची भाषा केली, तर कलम २९ प्रमाणे न्यायालयाकडे पुरवठा पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, आणि मालकाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश मिळू शकतो. वकिलाची नोटीस आली तरी दुसऱ्या दिवशी घर सोडावे लागत नाही. अधिनियम लागू असलेल्या ठिकाणी थकबाकीच्या कारणाने दावा लावण्यापूर्वी मालकाला लेखी मागणीनंतर ९० दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी, त्यावर १५ टक्के दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढे भाडे नियमित देत राहिले, तर त्या कारणावरून घर जात नाही. मात्र नोटिशीला उत्तर देण्याचे टाळू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा रत्नागिरी, ओरोस, अलिबाग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे.

बहुतेक प्रकरणे त्याआधीच मिटतात, आणि मिटवावीत असेच माझे मत आहे. मालक दोन हजारांवरून पाचशेवर आला, तर दोघांच्या सहीने नवा आकडा, तो कोणत्या महिन्यापासून लागू होईल, पुढची वाढ केव्हा आणि त्यासाठी किती दिवस आधी लेखी कळवायचे, हे लिहून घ्यावे व तो करार नोंदवावा. अनामत रक्कम जुनीच राहणार असेल, तर तिचा आकडाही त्याच कागदावर आला पाहिजे.