आमवातानं घोटा गेलाय: सांधा बदलायचा की जोडायचा? या चुका टाळा

कोल्हापुरात गुडघ्याचं ऑपरेशन आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. गल्लीत एखादी तरी गुडघे बदललेली काकी सापडतेच, आणि दुसऱ्याच्या घोट्याबद्दल सल्ला द्यायला हीच काकी सगळ्यात पुढं. "माझं बघ, दुसऱ्या दिवशी चालवलं मला," एवढं ऐकून आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) पेशंट माझ्याकडं येते आणि विचारते, घोटा बदलायला किती खर्च येईल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे, नंतरचं निस्तरायला माणसं माझ्याकडं येतात. म्हणून पुढचं थोडं चिडून लिहिलंय.

पर्याय दोन आहेत: जोडणं, म्हणजे फ्युजन, आणि बदलणं, म्हणजे रिप्लेसमेंट. फ्युजन म्हणजे नडगीचं हाड आणि त्याखालचं टॅलस हाड यांच्यामधली उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, हाडाला हाड भिडवायचं, स्क्रू किंवा प्लेटनं आवळायचं आणि दोन्हीचं एकच हाड होऊ द्यायचं. सांधा संपला की त्याचं दुखणंही संपतं. रिप्लेसमेंट म्हणजे त्याच दोन हाडांची टोकं कापून त्यावर धातूचे भाग बसवायचे, मधे खास प्लास्टिकचा तुकडा. हालचाल थोडीफार राहते. फ्युजन नीट जुळून आलं तर पुन्हा त्याच्याकडं बघावं लागत नाही. बदललेला सांधा मात्र आयुष्यभर तपासत राहावा लागतो.

गुडघ्याचा हिशोब घोट्याला लावणे

बदललेले गुडघे दहा वर्षांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास टिकलेले दिसतात. घोट्याचे साधारण ऐंशी ते नव्वद. १९७० च्या दशकात सिमेंटनं बसवलेले घोट्याचे पहिले सांधे इतके सैल झाले, की बरेच सर्जन सरळ फ्युजनकडं परतले. आताचे सांधे पुष्कळ सुधारलेत, पण जागा तीच आहे: सांधा छोटा, त्यावर सगळ्या अंगाचा भार, आणि पुढच्या बाजूला कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजता येतात. बहुतेक वेळा चीर तिथूनच घेतात. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या बाईची ती कातडी कागदासारखी झालेली असते.

आणि हो, घोटा बदलला म्हणून उकिडवं बसून म्हशीची धार काढता येणार नाही. कमोड लागणारच. ज्याला हे ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलेलं नसतं तो नंतर माझ्यावर रागावतो.

दुखतंय कुठं हे न बघता ऑपरेशनचं नाव ठरवणे

ही चूक माझ्या फार डोक्यात जाते. लोक "घोटा" म्हणून हात फिरवतात तो सगळ्या पायावरून. आत सांधे अनेक. वरचा सांधा पाय वर-खाली करतो. त्याच्याखाली टॅलस आणि टाचेच्या हाडामधला सबटॅलर सांधा, तो पाऊल आत-बाहेर कलतं करतो. पुढं टॅलस आणि नॅव्हिक्युलर हाडाचा सांधा. आमवात बऱ्याचदा या खालच्या-पुढच्या सांध्यांना आधी धरतो, आतल्या बाजूचा कमान तोलणारा स्नायुबंधही कुरतडतो, मग पाऊल सपाट पडतं आणि टाच बाहेर कलते. बाहेरून बघणाऱ्याला फक्त "घोटा सुजलाय" एवढंच दिसतं.

शिरोळ तालुक्यातली एक शेतकरी बाई आली होती. हातात जाडजूड फाइल, त्यात एमआरआय, आणि मुलानं इंटरनेटवर बघून ठरवलेलं: रिप्लेसमेंटच. एका ठिकाणी तारीखसुद्धा मिळालेली. फाइलमधले सगळे एक्स-रे झोपवून काढलेले. मी त्यांना टेबलावर बसवलं, टाच एका हातात धरली आणि पाऊल वर-खाली केलं. कुरकुर झाली, पण चेहरा हलला नाही. मग टाच नुसती आत-बाहेर कलवली, तर बाईंनी माझं मनगटच पकडलं. "मावशी, शेतात कुठं जास्त दुखतं?" तर म्हणाल्या, "सपाटीला काय न्हाई ओ मॅडम, उसाच्या बांधावर तिरका पाय पडला की कळ मस्तकात जाती." आणि बोट ठेवलं ते बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या खाली, नेमकं.

तिरप्या जमिनीवर दुखणं म्हणजे संशय खालच्या सांध्यावर. मी त्यांना पाय आणि घोट्याचंच काम करणाऱ्या सर्जनकडं पाठवलं. उभं करून, वजन टाकून एक्स-रे काढले तेव्हा टाच किती बाहेर गेलीय ते पहिल्यांदा दिसलं. झोपल्यावर ते कळत नाही, कारण पायावर भारच नसतो. मग एक्स-रे मशिनखाली बघत सबटॅलर सांध्यात बधिर करायचं इंजेक्शन दिलं. त्यात थोडं रंगद्रव्यही मिसळतात, कारण काही जणांमध्ये वरचा आणि खालचा सांधा आतून एकमेकांना जोडलेला असतो आणि औषध वर गेलं तर निष्कर्षच चुकतो. इंजेक्शननंतर बाई दवाखान्याच्या उतारावर तिरकं चालून आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बघ, हितंच हुतं." त्यांचा खालचा सांधा जोडला. वरचा घोटा अजून त्यांचा स्वतःचाच आहे. ठरल्या तारखेला रिप्लेसमेंट झाली असती तर चांगला सांधा कापून टाकला असता आणि दुखणं जागच्या जागी राहिलं असतं.

म्हणून माझी सवय: उभं राहून काढलेला एक्स-रे नसेल तर ऑपरेशनची चर्चाच नको. दोन्ही पाय, समोरून, बाजूनं आणि टाचेमागून. एमआरआय कितीही महागाचा असो, या फिल्मची जागा तो घेत नाही. घरी तेवढं एक करा. कुठं दुखतं ते बॉलपेननं कातडीवर खूण करून या, आणि कधी दुखतं तेही लिहून आणा: चढावर, उतारावर, बांधावर की नुसतं उभं राहिल्यावर.

"जोडला की पाय लाकडाचा"

ही भीती अर्धी खरी आहे. फक्त वरचा सांधा जोडला आणि पुढचे सांधे शाबूत असतील, तर पावलाचा पुढचा भाग थोडी वर-खाली हालचाल करून घेतो. बूट घातलेला असा माणूस रंकाळ्यावर फिरताना तुम्हाला ओळखूही येणार नाही. पण आमवातात पुढचे सांधे शाबूत असतीलच असं नाही, आणि खरा निर्णय इथंच फिरतो. खालचे-पुढचे सांधे आधीच गेले असतील किंवा जोडलेले असतील, तर वरचाही जोडल्यावर अख्खं पाऊल एकसंध होतं. दोन्ही घोटे गेले असतील तर दोन्ही जोडून खुर्चीतून उठणं, जोतिबाच्या पायऱ्या उतरणं फार जड जातं. अशा वेळी निदान एका बाजूला सांधा बदलण्याला वजन येतं.

उलट काही पायांना बदली सोसत नाही. टॅलसचं हाड मेलेलं असेल (स्टेरॉइडनं होतं ते), जंतुसंसर्ग असेल, पायाची संवेदना गेली असेल, रक्तपुरवठा कमी असेल, पाऊल फारच वाकडं असेल, तर जोडणंच बरं. बदललेला सांधा निकामी झाला तर तो काढून जोडता येतो, पण मधे पोकळी राहते, हाड भरावं लागतं आणि ते काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

"तरुणाला फ्युजन, म्हाताऱ्याला रिप्लेसमेंट" हा नियम फ्रॅक्चरनंतर झिजलेल्या, बाकी धडधाकट माणसांसाठी बरा आहे. आमवाताच्या चाळिशीतल्या बाईचं चालणं आधीच मर्यादित असतं, त्यामुळं सांध्यावर पडणारा ताणही कमी. तिला नुसत्या वयावरून परत पाठवू नये. ब्रिटनमध्ये ३०३ रुग्णांवर दोन्ही ऑपरेशनांची थेट तुलना झाली, २०२२ साली निकाल आला: वर्षभरानं दोन्ही गट सुधारले, चालण्या-उभं राहण्यात ठोस फरक निघाला नाही, जखम भरायला त्रास आणि नसेची इजा बदलीच्या गटात जास्त. पण ते सगळे रुग्ण झिजेच्या सांधेदुखीचे. मोबाइलवर तो निकाल दाखवून "मॅडम, दोन्ही सारखंच की" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मिसरी आणि घाई

फ्युजन म्हणजे हाडानं हाड धरणं, आणि निकोटिन त्याच्या मुळावर उठतं. सिगरेटचं विचारलं की सगळे "नाही" म्हणतात. मिसरीचं कुणी विचारत नाही आणि बायका आपणहून सांगत नाहीत, कारण मिसरी म्हणजे त्यांच्या लेखी तंबाखू नव्हेच, दात घासणं. मी थेट विचारते: सकाळी किती वेळा, दुपारी जेवल्यावर किती वेळा, डबी कुठं ठेवता?

कागलकडच्या एका आक्कांचं फ्युजन झालं होतं. काम सुरेख, पाऊल बरोबर काटकोनात, किंचित बाहेर. साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नाही, पुढचे काही आठवडे बुटात, आणि हाड जुळायला तीन महिने धरा, असं सर्जननी सांगितलेलं आणि मीही सांगितलेलं. चौथ्या आठवड्यात गौरी आल्या. सुनेला पुरणाचं जमत नाही म्हणून आक्का प्लास्टरसकट चुलीपुढं उभ्या. दुखलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही उभ्या. दुखत नाही म्हणजे जुळलं, हा या बाबतीतला सगळ्यात घातक समज. स्क्रूनं आवळलंय म्हणून दुखत नाही. जोडीला मिसरी चालूच, डबी उशीखाली. पाच महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये मधली फट तशीच, एक स्क्रू वाकलेला. पुन्हा ऑपरेशन, यावेळी कमरेचं हाड काढून भरलं. दुसऱ्या वेळी मिसरी सोडली ती नातीनं डबी पंचगंगेत टाकली म्हणून.

घाईला माझ्याकडं औषध नाही. सणवार बघून तारीख घ्या, एवढंच सांगते. गौरी-गणपती, लग्नसराई आणि उसाची तोड यांच्या आधी दोन महिने फ्युजन करून घेणाऱ्याला मी स्वतः परत पाठवते. मिसरी, तंबाखू ऑपरेशनच्या निदान महिना-दीड महिना आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंद. "थोडी कमी केली" चालत नाही.

गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवणे

ऑपरेशन आहे म्हणून सगळी औषधं बंद करून येणारे आठवड्याला भेटतात. आठ दिवसांत सांधे भडकतात आणि मग वॉकर धरायला हातच चालत नाही. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची नेहमीची गोळी सहसा चालू ठेवतात. बायोलॉजिक (आमवाताचं नव्या प्रकारचं) इंजेक्शन असेल तर एक डोस चुकवून ऑपरेशन धरतात. दर दोन आठवड्यांनी घेत असाल तर तिसऱ्या आठवड्यात. टोफासिटिनिब ही आमवाताचीच दुसरी गोळी तीन दिवस आधी थांबवतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सर्जनांच्या संघटनांनी २०१७ साली हे लिहून काढलं आणि २०२२ साली सुधारलं. ते खुबा आणि गुडघ्यासाठी आहे, घोट्याला त्याचाच आधार घेतात. तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टचा (संधिवाततज्ज्ञाचा), आणि तो व सर्जन एकमेकांशी फोनवर बोललेत याची खात्री तुम्ही करा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दवाखान्यातल्या गडबडीत कुणी रोज द्यायला लागलं तर तिथंच अडवा, जिवावर बेततं.

आणि ती पुडी. दर महिन्याला कुठूनतरी येणारी, खाल्ली की दोन तासांत पळायला लावणारी. एवढ्या लवकर गुण येतो तिथं स्टेरॉइडचा संशय धरायचा. महिनोन् महिने स्टेरॉइड खाल्लेल्या शरीरात ते एकदम बंद झालं तर ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळू शकतो. लाजू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना पुडी दाखवा.

बाकीचं भराभर

मानेचा एक्स-रे, मान पुढं-मागं वाकवून, भूल देण्याआधी. आमवातात मानेचे वरचे मणके सरकलेले असू शकतात.

बोटं आणि मनगटं वाकडी असतील तर साधा वॉकर उपयोगाचा नाही. कोपरापासून हात टेकवायचा, गादी असलेला वॉकर मिळतो. ऑपरेशनच्या आधी आणून घरात चालून बघा.

गुडघा बाहेर फेकलेला असेल तर आधी त्याचं काय करायचं ते ठरवा. वरची रेष वाकडी ठेवून खाली घोटा सरळ बसवला तर त्यावर भार तिरकाच पडत राहतो.

फ्युजननंतर कोल्हापुरी चप्पल नको. मला स्वतःला आवडते, तरी नको. तळ सपाट आणि कडक, मागं पट्टा नाही. तळ पुढं-मागं गोलाई दिलेला बूट करून घ्या. मोजमाप देऊन बूट करणारे आपल्याकडं सापडतात, फक्त तळाचं चित्र काढून घेऊन जा.

टाके लवकर काढा म्हणून मागं लागू नका. स्टेरॉइडवर असलेल्यांचे तीन आठवडे ठेवले तर ते मुद्दाम ठेवलेले असतात. तोवर पाय छातीपेक्षा उंच, दिवसाचा बहुतेक वेळ. सोफ्यावर बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय उंच धरत नाहीत.

सरकारी योजनेतून करायचं असेल तर आरोग्यमित्राकडं "घोट्याचं ऑपरेशन" असं मोघम विचारू नका. सर्जनकडून ऑपरेशनचं नेमकं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तीच चिठ्ठी पुढं करा.