प्रवासातला वास जपून कसा ठेवाल?

सहलीचे फोटो आपण शेकड्यानं काढतो, वास मात्र कुणी राखून ठेवत नाही. खरं तर जुनी जागा डोळ्यांपुढे उभी करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. नाकाकडून निघालेला संदेश भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत इतर इंद्रियांपेक्षा जवळच्या वाटेनं पोचतो.

तेव्हा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलात, की परतताना आणलेला भंडारा चिमूटभर वेगळा काढा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. प्लॅस्टिकची डबी नको, तिला स्वतःचाच वास असतो. वर ठिकाण आणि महिना लिहून बाटली कपाटात, उजेडापासून लांब ठेवा. (बेळगावचा कुंदा असा ठेवायच्या भानगडीत पडू नका, तो खाऊन संपवायचा.)

पथ्य एकच: बाटली रोज हुंगायची नाही. नाहीतर तो वास घरातल्या कपाटाशीच जोडला जातो आणि डोंगर मागे पडतो. वर्षातून एकदोनदा पुरे. तेही नाक न खुपसता, नुसतं झाकण उघडून. भंडारा नाकात गेला तर शिंकाच लक्षात राहतील.

निपाणीकडची तंबाखू, गुऱ्हाळ, चोर्ला घाटातला पाऊस हे बाटलीत मावत नाहीत. ते वहीत उतरवा, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या. काही मिनिटांत नाक सरावतं, मग वास जाणवत नाही. नुसतं ‘छान वास’ लिहून भागत नाही. उकळती काकवी, जळत्या चिपाडांचा धूर, सोबत कोण होतं, एवढं तरी हवं.