सोसायटीच्या गच्चीवर सौरवीज: ठरावापासून पंपाच्या वेळेपर्यंत

भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं जाहीर केलंय, आणि आजही आपली साधारण तीन चतुर्थांश वीज कोळशावर तयार होते. मोठ्या सौरप्रकल्पांना जमीन लागते, वीज शहरापर्यंत आणायला वाहिन्या लागतात, त्यात वर्षं जातात. गच्चीला यातलं काही लागत नाही. तिथे अडतं ते सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मला मनापासून वाटतं, की देशाला घाई असेल तर ती सभेच्या विषयपत्रिकेवर दिसली पाहिजे. म्हणून सुरुवात सभेपासून करते.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी. सौरवीज हा विषय त्या नोटिशीतच लिहा. आयत्या वेळच्या विषयात एवढ्या खर्चाचा ठराव घेतला, की पुढे कुणीही हरकत काढतं. सोबत कॉमन मीटरची वर्षभराची बिलं जोडा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. रुपयांपेक्षा युनिट ठळक लिहा, कारण सगळा हिशेब युनिटवर चालतो.

सभेआधी वरच्या मजल्यावरच्या घरी जाऊन या. गळतीची भीती त्यांना असते आणि ती रास्त आहे. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर, हा क्रम ठरावातच घाला. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो. वाऱ्याचा हिशेब धरून तो किती वजनाचा हवा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. सांगाडा डोक्याच्या वर असेल तर खाली वाळवणं घालायला, कपडे वाळत टाकायला जागा राहते. आमच्याकडे बऱ्याच काकूंचा होकार या एका गोष्टीवर आला.

सभेत हमखास विचारतात, “गुरुवारी वीज गेली तर लिफ्ट चालेल ना?” नाही चालणार, आणि हे आधीच स्पष्ट सांगा. बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाइनला जोडलेली यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. उत्तर ऐकल्यावर कुणी नाराज होत नाही. नंतर कळलं तर मात्र होतात.

आता गच्ची. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते. खरी पंचाईत सावलीची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा भर दुपारीही 10 फुटी टाकीची सावली सुमारे 9 फूट पडते, सकाळी तर कितीतरी लांब. सकाळी 9 ते दुपारी 3 दर तासाला सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारा. उरलेल्या जागेत पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, पुण्यात साधारण 18 अंश कलवून बसवा. विक्रेत्याच्या सुंदर नकाशापेक्षा माझा या रेघांवर जास्त विश्वास आहे.

पुण्यात एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे 4 युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. 20 किलोवॉटची यंत्रणा वर्षाला 29,000 युनिटच्या आसपास देते, म्हणजे साधारण 20 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचतो. मंजूर भारापेक्षा, म्हणजे महावितरणने जोडणीला ठरवून दिलेल्या किलोवॉटपेक्षा, मोठी यंत्रणा मात्र बसवता येत नाही, तेव्हा बिलावरचा तो आकडा आधी बघा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं. अर्ज योजनेच्या पोर्टलवर, नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत. नेट मीटर, म्हणजे महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागल्यावर पहिली दोन-तीन बिलं स्वतः तपासा: घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे दिसले पाहिजेत.

पॅनेल धुण्याचं काम सकाळी लवकर उरका, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. कबुतरांसाठी कडेने जाळी लावा.

यापुढचं काम, पंपाची वेळ बदलण्याचं, जवळजवळ फुकट होतं आणि बहुतेक सोसायट्या तेच करत नाहीत. देशात दुपारी सौरवीज भरपूर असते. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, पंखे, एसी लागतात आणि कोळशाच्या केंद्रांवर भार पडतो. खालच्या टाकीतून वर पाणी चढवायचा पंप संध्याकाळी लावायचं काही कारण नाही. वॉचमनदादांना 11 ते 3 ही वेळ द्या, पंपाला टायमर बसवा. आमच्या येत्या सभेत विद्युत गाड्यांच्या चार्जिंगचा विषय आहे; सामायिक चार्जिंगची गरजही त्याच अनुदानात धरता येते, म्हणून यंत्रणेचा आकार ठरवतानाच पार्किंगमधल्या गाड्या मोजून घ्या.