वासोट्याला जाताय? या चुका टाळा

बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलं की आपण कोयना अभयारण्यात असतो. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य २०१० पासून शेजारच्या चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बाकीच्या गडांवर जे खपून जातं, ते इथे चालत नाही. तरी दर हिवाळ्यात लोक त्याच चुका करतात, आणि बऱ्याचशा चुकांच्या मुळाशी घाई असते.

उशिरा निघणं

पहिली चूक साताऱ्यातच होते. निवांत नाश्ता, कासला फोटो, आणि बामणोलीला पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. त्यात लाँचचा नंबर, वनविभागाची नोंद, पाण्यावरचा तासाभराहून जास्त प्रवास आणि वर दोन तासांची चढण. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे उजेडातच परतावं लागतं. मग उतरताना पळापळ होते. म्हणून आदल्या रात्रीच बामणोली-शेंबडी परिसरात मुक्कामाला या आणि सकाळची पहिली नाव पकडा.

शॉर्टकट मारणं

याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण रानाचं सगळ्यात जास्त नुकसान आपण इथेच करतो आणि ते आपल्याला नुकसान वाटतही नाही.

एखाद्या वळणाशी थांबून नीट बघा. खरी वाट डोंगराला आडवी जाते आणि तिच्या कडेला पाचोळ्याचा जाड थर असतो. शॉर्टकट मात्र सरळ उताराला लागलेला दिसतो. त्याच्यावरचा पाचोळा निघून गेलेला, तांबडी माती उघडी पडलेली, झाडांची मुळं वर आलेली आणि बुटांनी सोलवटलेली. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ते पाणी अशीच उघडी सरळ रेघ शोधत असतं. दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते, माती वाहून जलाशयात जाते आणि वरची खरी वाटही खचायला लागते. अंजनी, जांभूळ, पिसा यांची वीतभर रोपं पायाखाली जातात ती वेगळीच. या सदाहरित रानात झाडं फार सावकाश वाढतात.

उपाय सोपा आहे. वाट माहीत असलेला एक जण पुढे आणि तितकाच भरवशाचा एक जण शेवटी ठेवा. मधल्या कुणी वाट सोडली तर मागच्याने त्याला परत वळणावर आणायचं. वाटेत चिखल लागला तर बाजूच्या झुडपांतून न जाता चिखलातूनच चाला, नाहीतर वाट दरवर्षी रुंदावत जाते.

कचरा लपवणं

वनविभागाच्या चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत घेतात. त्यावर हुज्जत घालू नका, पिशव्या तळाशी दडपू नका. घरूनच खाऊ डब्यांत भरून न्या. संत्र्याची सालं आणि शेंगांची टरफलंही परत आणा. ‘कुजून जाईल’ हे खरं असलं तरी तोवर माकडांना माणसाच्या खाण्याची चटक लागलेली असते.

वास, धूर आणि गोंगाट

भडक अत्तर मारून येऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर किंवा दगडफेकीने माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, माश्या चिरडू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. चेहरा झाकून लांब निघून जा आणि काटे नखाने खरवडून लगेच काढा. अभयारण्यात विस्तव पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे चहाचा हट्ट सोडा.

स्पीकर नकोच. आपसात साध्या आवाजात बोलायला मात्र हरकत नाही, त्याने अस्वल अचानक समोर येण्याची शक्यता कमी होते. गवा दिसला तर थांबा, फोटोसाठी जवळ जाऊ नका, सावकाश मागे सरका.

जळू लागली तर ओढू नका. तिच्या तोंडाखाली नख सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

वाट चुकल्यावर पुढे जात राहणं

वाटेत नागेश्वरच्या गुहेतल्या देवळाकडे जाणारा फाटा लागतो, तिथे घाईत चुकायला होतं. पाचोळ्यावर पावलांच्या खुणा दिसेनाशा झाल्या की तिथेच थांबा आणि ज्या जागेची खात्री आहे तिथवर मागे या. ‘पाणी खाली जातं, म्हणजे गावाला जाईल’ हा हिशोब सह्याद्रीत जीवघेणा ठरतो. ओढे थेट कड्यावरून कोसळतात, आणि वासोट्याच्या पश्चिमेला तर सरळ कोकणात पडणारे कडे आहेत. मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका. नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा आणि शिट्टी गळ्यातच असू द्या. मागची खात्रीची जागाही सापडली नाही, तर सगळ्यांनी एकत्र एकाच जागी थांबा आणि थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या द्या. निघताना चौकीवर माणसांची संख्या बरोबर नोंदवली असेल, तर शोधायला येणाऱ्यांना किती जणांना शोधायचं ते ठाऊक असतं.