क्रेमरच्या पद्धतीने दोन समीकरणं कशी सोडवायची

दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिल्याच धड्यात निश्चयक (दोन उभ्या रेघांमध्ये चौकोनात मांडलेले आकडे, ज्यांच्यापासून ठरलेल्या रीतीने एकच संख्या काढतात) येतात आणि बरीच पोरं ते ऑप्शनला टाकतात. खरं तर चिन्हं नीट सांभाळली तर निश्चयक वापरून समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धतच सगळ्यात कमी डोकं लागणारी आहे. जिनिव्हाच्या गॅब्रिएल क्रेमरने ती १७५० साली छापली म्हणून त्याचं नाव.

मुद्दाम जरा वाकडं उदाहरण घेऊ:
३एक्स = ४वाय + १०
३वाय + ४एक्स − ५ = ०

आधी दोन्ही समीकरणं एका साच्यात आणा, म्हणजे एक्स पहिला, मग वाय, आणि नुसता आकडा बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे. मार्क जातात ते बहुतेक इथेच, कारण पेपरात घाई असते आणि −५ तसाच उचलून पुढे वापरला जातो.
३एक्स − ४वाय = १०
४एक्स + ३वाय = ५

आता डी हा पहिला निश्चयक काढायचा, त्यात फक्त सहगुणक, म्हणजे एक्स-वायच्या आधीचे आकडे:
| ३ −४ |
| ४ ३ |
डावीकडून उजवीकडे उतरणारा तिरका गुणाकार, वजा दुसरा तिरका गुणाकार. (३ × ३) − (−४ × ४) = ९ + १६ = २५. ऋण संख्येला कंस घालाच, आळस केला की ९ − १६ होतं आणि पुढचं सगळं बोंबललं.

डीएक्ससाठी एक्सचा उभा स्तंभ काढून तिथे १० आणि ५ बसवा, वायचा स्तंभ हलवायचा नाही:
| १० −४ |
| ५ ३ |
३० + २० = ५०.

डीवायमध्ये तेच, पण वायच्या जागी:
| ३ १० |
| ४ ५ |
१५ − ४० = −२५.

एक्स = डीएक्स ÷ डी = ५० ÷ २५ = २, वाय = डीवाय ÷ डी = −२५ ÷ २५ = −१. ताळा करा: ६ + ४ = १०, आणि ८ − ३ = ५. जमलं.

आता ही पद्धत कधी वापरायची? सहगुणक सारखे असतील तर सरळ बेरीज-वजाबाकी करून मोकळे व्हा, पण उत्तर अपूर्णांकात येणार असं दिसलं की निश्चयकच बरे, कारण भागाकार अगदी शेवटी एकदाच येतो आणि मधे अपूर्णांकांशी झटापट करावी लागत नाही.

डी शून्य आला तर मात्र थांबा, शून्याने भागता येत नाही. उदा. २एक्स + ४वाय = ६ आणि ३एक्स + ६वाय = १० यात डी = १२ − १२ = ०, पण डीएक्स = ३६ − ४० = −४, म्हणजे उकलच नाही, आलेखात दोन समांतर रेषा दिसतील. अशा वेळी तिन्ही निश्चयक शून्य आले तर दोन्ही समीकरणं एकाच रेषेची आणि उकली अनंत.

तीन चलांना हेच चालतं, फक्त तीन बाय तीनचे चार निश्चयक काढावे लागतात, त्याच्या पुढे हाताने करायच्या भानगडीत पडू नका.