काटा हलत नाहीये तेव्हा काय करायचं

मागच्या वर्षी मार्चमध्ये माझं वजन 78.4 होतं, आत्ता 70.2 आहे. चौदा महिने लागले. महिन्याला सहाशे ग्रॅमसुद्धा पडत नाहीत. आणि त्यातले सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे तीन महिने तर काटा 74 च्या आसपास नुसता घुटमळत होता. त्या तीन महिन्यांत मी हे सगळं सोडून द्यायच्या अगदी जवळ पोचले होते. "एवढं चालून, एवढं तोंड बांधून काय उपयोग" हे वाक्य ज्यांच्या डोक्यात सध्या फिरतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला तेव्हा कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

पहिली गोष्ट, वही घ्या आणि हिशोब करा, कारण बहुतेकांचा उत्साह वजनामुळे जात नाही, चुकीच्या अपेक्षेमुळे जातो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. आता आपण घरचंच जेवतोय, एक पोळी कमी केली, चहातली साखर बंद केली, रोज अर्धा तास चालतोय, तर दिवसाला फार तर 250 कॅलरीची तूट पडते. गुणिले 30 केलं की 7500. म्हणजे सगळं अगदी नीट झालं, एकही दिवस चुकला नाही, तर महिन्याला एक किलो. आणि एकही दिवस चुकत नाही असा महिना कुणाच्या घरात असतो? लग्न असतं, पाहुणे असतात, मुलाची परीक्षा असते, आपण आजारी पडतो. म्हणून अर्धा-पाऊण किलो हाच आपल्यासारख्या नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाचा खरा वेग आहे. मी मात्र महिन्यात पाच किलोच्या जाहिराती बघून सुरुवात केली होती, त्यामुळे महिनाअखेर 700 ग्रॅम उतरल्यावर मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं होतं.

त्यात पहिला आठवडा फार फसवतो. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की हा साठा आधी वापरला जातो आणि पाणीही जातं, त्यामुळे पहिल्या आठ दिवसांत दीड-दोन किलो उतरलेलं दिसतं. आपण खूष. मग खरी चरबी उतरायला लागते तेव्हा वेग एकदम कमी झाल्यासारखा वाटतो आणि आपल्याला वाटतं की डाएट "बंद पडलं". बंद काही पडलेलं नसतं, पहिलं ते पाणी होतं.

पाण्याचा हा खेळ पुढेही चालू राहतो. रात्री लोणचं, पापड, हॉटेलचं खारट जेवण झालं की सकाळी काटा किलोभर वर. पाळीच्या आधी चार-पाच दिवस अंगात पाणी धरतं, तेव्हाही वर. नवीन व्यायाम सुरू केला, अंग दुखतंय, स्नायूंना सूज आहे, तरी वर. पोट साफ झालं नाही, वर. आता एका लग्नाच्या जेवणाने खरोखर एक किलो चरबी वाढायला रोजच्या गरजेच्या वर 7700 कॅलरी खाव्या लागतील, तेवढं एका पंगतीत कोणाच्यानेही खाववणार नाही. तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वजन करून दिवस खराब करून घेऊ नका, दोन-तीन दिवसांनी ते आपोआप खाली येतं.

वजन कसं करायचं ते सांगते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच काट्यावर आणि काटा त्याच फरशीवर, गादीवर किंवा पायपुसण्यावर नाही. माझा वार शनिवार. आणि आजच्या आकड्याची तुलना मागच्या शनिवारशी करायचीच नाही, चार आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी करायची. बायकांना तर हे फारच उपयोगी, कारण पाळी साधारण नियमित असेल तर महिन्यातला तोच काळ समोरासमोर येतो. ज्यांना रोज वजन केल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी रोज करा पण सातही आकड्यांची सरासरी काढा आणि फक्त ती बघा. मला रोजचं जमलं नाही. सकाळी सहा वाजता 300 ग्रॅम वाढलेले दिसले की माझी दिवसभर चिडचिड व्हायची आणि ती मुलांवर निघायची, म्हणून मी काटा कपाटावर ठेवून दिला, शनिवारीच खाली काढते.

पण नुसत्या काट्यावर चौदा महिने निघत नाहीत हो. काहीतरी दुसरं मोजायला लागतं, असं की जे आपल्या हातात आहे आणि जे लवकर बदलतं.

माझ्यासाठी सगळ्यात कामाला आला तो तेलाचा डबा. आमच्या घरी चार माणसं, पाच लिटरचा डबा महिन्यात संपायचा. म्हणजे माणशी दिवसाला जवळपास 38 ग्रॅम तेल, तूप-शेंगदाणे वेगळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहाराच्या हिशोबात तेल-तूप मिळून माणशी 25-30 ग्रॅमच्या आसपास धरलेलं आहे. एक छोटा चमचा तेल म्हणजे 45 कॅलरी, मग ते करडईचं असो की घाण्याचं. मी नवीन डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख टाकायला लागले आणि फोडणीला बरणीतून ओतायच्या ऐवजी चमच्याने तेल घ्यायला लागले. पुढचा डबा 37 दिवस गेला, त्याच्या पुढचा 44. ज्या महिन्यात काटा हलला नाही त्या महिन्यात डब्यावरची तारीख बघून मला कळायचं की मी काहीतरी बरोबर करतेय, आणि फायदा घरातल्या चौघांनाही होतोय.

दुसरं म्हणजे टेप, शिवणकामाची साधी. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, न आवळता. महिन्यातून एकदाच. आपल्याकडच्या लोकांसाठी बाईची कंबर 80 सेंटीमीटर आणि पुरुषाची 90 च्या आत असावी असं धरतात, कारण पोटावरची चरबी शुगर आणि हृदयासाठी जास्त वाईट. वजन 74 वर अडकलं होतं त्या तीन महिन्यांत माझी कंबर तीन सेंटीमीटर कमी झाली होती, मी टेप लावली नसती तर मला कळलंच नसतं.

आणि तिसरं, चार भिंती, म्हणजे आमच्या साताऱ्यातली टेकडी. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूच्या त्या टेकडीवर सकाळी निम्मं गाव असतं. सुरुवातीला मी वर जाईपर्यंत तीनदा थांबायचे, छाती धडधडायची, सत्तरीतले आजोबा मला मागे टाकून जायचे. ऑगस्टमध्ये एक दिवस मी न थांबता वर पोचले आणि पोचल्यावर लक्षात आलं की आपण वाटेत बोलत आलो. त्या शनिवारी वजन 200 ग्रॅमने वाढलेलं होतं आणि मला काही वाटलं नाही. तुमच्या गावात टेकडी नसेल तर ऑफिसचा जिना धरा, स्टेशनचा पूल धरा, पण एक ठरलेला चढ ठेवा आणि दर महिन्याला तोच चढून बघा.

आता खरंच अडकलं असेल तर? चार-सहा आठवडे सरासरी, टेप, काहीच हलत नसेल तर आधी स्वतःवर चिडायच्या ऐवजी गळती शोधा. आठ दिवस जे तोंडात जाईल ते सगळं लिहा, मुलाच्या ताटातलं उरलेलं, भाजी ढवळताना घेतलेली चव, ऑफिसमधले पेढे (आमच्याकडे कुणाचंही काहीही झालं की कंदी पेढे येतात), येताजाता तोंडात टाकलेले शेंगदाणे. मूठभर शेंगदाणे म्हणजे 170 कॅलरी, चांगली वस्तू आहे पण मूठ मोजून घ्यायची. आणि रविवार बघा. सहा दिवस 250 ची तूट म्हणजे 1500, आणि रविवारी मिसळ, दुपारी मटण, संध्याकाळी आइस्क्रीम करून 1000 जास्त गेले की उरले 500. म्हणजे आठवडाभराच्या कष्टातला दोन तृतीयांश भाग एका दिवसात गेला. रविवार बंद करा असं मी म्हणत नाही, रविवारी मटण पाहिजेच, पण त्या दिवशी तिन्ही नको, एक निवडा.

उपवासाचंही तेच. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या आज्यांनी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. खिचडी खायचीच असेल तर छोटी वाटी घ्या, बरोबर काकडीची कोशिंबीर आणि ताक, आणि "आज उपवास आहे" म्हणून डाएट झालं असं धरू नका.

दुसरं कारण असं की वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते. 78 किलोचं शरीर टेकडीवर न्यायला जेवढी ताकद लागते तेवढी 72 किलोला लागत नाही. शिवाय कमी खाल्लं की आपण नकळत कमी हलतो, बसून राहतो, हातातलं काम दुसऱ्याला सांगतो. म्हणून सुरुवातीला जे पुरत होतं ते सहा महिन्यांनी पुरत नाही. उत्तर अजून उपाशी राहणं हे नाही. मी आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम सुरू केले, खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात, आणि दोन्ही जेवणांत उसळ, पिठलं, घट्ट वरण, अंडं यातलं काहीतरी नक्की. नुसतं उपाशी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग अंगात काही उरतच नाही.

रोजचं टिकवायला मला एकच युक्ती लागू पडली, सगळ्यात वाईट दिवसाचा नियम आधीच ठरवून ठेवणे. माझा नियम दहा मिनिटं. पाऊस असो, पाहुणे असोत, डोकं दुखत असो, दहा मिनिटं चालायचं, हॉलमध्ये का होईना. जुलैत पाऊस लागला की आठ-आठ दिवस बाहेर पडता येत नाही, तेव्हा मी जिन्यात चढउतार केली, सूर्यनमस्कार घातले, सहाच घातले पण घातले. दहा मिनिटांनी वजन उतरत नाही हे मला माहितीये, पण बाराव्या दिवशी परत सुरू करायचं जे ओझं असतं ना, ते होत नाही. आणि सोबत बघा. शेजारच्या काकू सहाला गेटवर उभ्या राहतात, त्यांना ताटकळत ठेवायची लाज वाटते म्हणून मी कितीतरी सकाळी उठलेय.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही. एका कार्यक्रमात जाऊबाई म्हणाल्या, "अगं वर्ष झालं ना तुझं चालू, काही फरक दिसत नाही." त्याच दिवशी दुसरी एक, "चेहरा उतरलाय, बरं नाहीये का?" दोन्ही एकाच चेहऱ्याबद्दल! सल्लेही सुरू होतात, कोणी म्हणतं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दोनदाच जेव, कोणी म्हणतं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोडं थोडं खा. दोन्हीकडे टिकलेली माणसं मी बघितलीत आणि दर महिन्याला एकातून दुसऱ्यात उड्या मारून दमलेलीही बघितलीत. जे तुमच्या घराच्या वेळेत बसतं ते एक धरा आणि तीन महिने कोणालाही सांगू नका. (शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरला विचारा, हे महत्त्वाचं आहे.)

गणपती ते दिवाळी या काळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या दिवसांत वजन उतरवायचा हट्ट धरूच नका, वाढू द्यायचं नाही एवढंच ठेवा. मोदक खा, पुरणपोळीवर तूप घ्या, पण जेवणात घ्या, जेवणानंतर नाही. फराळाचे डबे ओट्यावर ठेवू नका, वरच्या फळीवर ठेवा आणि बशीत काढून बसून खा. माझं 74 हे मला तेव्हा अपयश वाटत होतं. नंतर जुनी वही चाळली तेव्हा दिसलं की आधीच्या दोन वर्षांत याच तीन महिन्यांत मी दोन-दोन किलो वाढले होते.

आणि थोडंसं उतरलं तरी त्याचं मोल असतं बरं का. अमेरिकेत 2002 साली मधुमेह टाळण्याबद्दल एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तीन हजारांवर माणसं, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. त्यातल्या एका गटाला लक्ष्य होतं फक्त 7 टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम. जवळपास तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी निघालं. 80 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो, महिन्याला अर्धा किलो धरलं तर अकरा महिने. ब्लाऊज घट्ट आहे की सैल हे त्या अभ्यासात कोणी विचारलं नव्हतं!

शेवटी डॉक्टरांचं. दोन-तीन महिने सगळं लिहून, मोजून, नीट करूनही काहीच होत नसेल, किंवा फार थकवा, केस गळणं, पाळी अनियमित, खूप थंडी वाजणं असं काही असेल तर थायरॉइड तपासा, पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास) आहे का बघा. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांची औषधं, मधुमेहाची काही औषधं यांनीही वजन वाढतं, ती स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का विचारा. आणि वजनाचा विचार दिवसभर डोक्यातून जातच नसेल, जेवल्यावर अपराधी वाटत असेल, उलटी काढावीशी वाटत असेल तर काटा घरातून बाहेर काढा आणि हे डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. जाताना वही घेऊन जा. मी नेली होती, शनिवारचे आकडे, कंबर, पाळीच्या तारखा, गोळ्या, सगळं. त्यामुळे डॉक्टरांनी "कमी खा, जास्त चाला" एवढ्यावर बोळवण केली नाही, वीस मिनिटं बसून एकेक पान बघितलं.